बेळगावला निघायचंय आणि बातम्या तापल्यात? आधी एवढं बघून घ्या

नोव्हेंबर उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या मुलीला बेळगावात मेडिकलला प्रवेश मिळालेला असतो, कुणाला सासऱ्यांना तिथल्या हॉस्पिटलात दाखवायचं असतं, कुणाचा सौंदत्तीच्या यल्लम्माचा नवस फेडायचा राहिलेला असतो. प्रश्न सगळ्यांचा एकच: "तिकडं शांत आहे न्हवं?" माझं माहेर बेळगावातल्या शहापूरचं, सासर कोल्हापूरचं. सव्वीस वर्षं कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्यावरून ये-जा चाललीय, म्हणून लोकांना वाटतं मला आतली खबर असते. तशी काही नसते. पण काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं, ते आता कळतं. पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी ते लिहून ठेवते.

"बेळगावला जाणं सुरक्षित आहे का" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो फार मोठा आहे. जिल्हा अथणीपासून खानापूरपर्यंत पसरलाय. राणी चन्नम्मा सर्कलला घोषणा चालू असतात तेव्हा दोन किलोमीटरवर टिळकवाडीत लोक मिठाईच्या दुकानात कुंदा बांधून घेत असतात. म्हणून प्रश्न तोडून विचारा: कोणत्या तारखेला, कोणत्या रस्त्यानं आणि कोणत्या पासिंगच्या गाडीतून? या तिन्हींची उत्तरं मिळतात.

पहिलं काम: तारीख बघा

इथल्या तणावाला कॅलेंडर आहे, आणि नवख्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडेल ती हीच गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेलं. महाराष्ट्र त्यावर अजून दावा सांगतो, हाच तो सीमाप्रश्न. त्यामुळे १ नोव्हेंबरला एकाच शहरात दोन दिवस साजरे होतात. कन्नड मंडळींचा राज्योत्सव, आणि बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिन. चन्नम्मा सर्कलला आदल्या रात्रीपासून डीजे आणि लाल-पिवळे झेंडे. मराठी गल्ल्यांत काळे कपडे घालून निषेधफेरी. दोन्हींच्या मध्ये पोलिसांची भिंत. हाणामारी होतेच असं नाही, बहुतेक वर्षी होत नाही. पण रस्ते वळवलेले असतात, रिक्षा मिळत नाही आणि स्टँडवरून शहापूरला पोचायला दुप्पट वेळ लागतो. त्या दिवशी दवाखान्याची अपॉइंटमेंट घेऊ नका. हॉस्टेलवर सामान पोचवायचं असेल तर ३० ऑक्टोबरला पोचवा किंवा ३ नोव्हेंबरला.

कपड्यांचंही सांगते. माझा भाचा पुण्यात वाढलेला, त्याच्या कपाटात काळ्याशिवाय दुसरा रंग नाही. एका १ नोव्हेंबरला तो काळा टी-शर्ट घालून दूध आणायला गेला. चौकातल्या पोलिसानं हटकलं, नाव-गाव विचारलं, घरी जा म्हणाला. पोरगं येऊन म्हणतं, "मावशी, दुधाला पण परमिशन लागते काय?" त्याच्या टी-शर्टवर नुसतं एका बँडचं नाव होतं. पण त्या दिवशी बेळगावात काळा रंग हा नुसता रंग नसतो. पाहुण्यानं त्या दिवशी पांढरा, निळा, काहीही घालावा. काळा नको, लाल-पिवळा दुपट्टाही नको.

दुसरी वेळ डिसेंबरची. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरतं. २०१२ मध्ये उद्घाटन झालेली ही इमारत शहराच्या दक्षिणेला, हलगा-बस्तवाडजवळ, पुणे-बेंगळुरू हायवेला लागूनच आहे. अधिवेशनाच्या विरोधात समिती महामेळावा घेते, किंवा घ्यायला बघते. परवानगी नाकारली की सीमेवर नाकाबंदी होते. शिवाय अधिवेशन म्हटलं की कर्नाटकभरातली आंदोलनं तिथं गोळा होतात. १० डिसेंबर २०२४ ला तिथं लाठीमार झाला तो पंचमसाली लिंगायत समाजाच्या आरक्षणाच्या आंदोलनावर. सीमाप्रश्नाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, पण हायवेवर अडकलेल्यांना त्याचा काय उपयोग? धारवाड-हुबळीकडं जायचं असेल तर अधिवेशनाच्या दिवसांत हलग्याचा टप्पा सकाळी आठच्या आत ओलांडा.

याच दिवसांत मार्गशीर्ष पौर्णिमेची सौंदत्तीची यात्रा येते आणि कोल्हापूर-सांगलीकडून यल्लम्माला गाड्याच्या गाड्या निघतात. २०२२ ला नेमकं हेच जुळून आलं. ७ डिसेंबरला दत्तजयंती होती, आणि ६ तारखेला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले. ज्यांची माणसं यात्रेला गेली होती त्या घरांत रात्रभर कुणाचा डोळा लागला नाही. पण नकाशा उघडून बघा: हिरेबागेवाडी बेळगावच्या पुढं, धारवाडच्या वाटेवर आहे. संकेश्वर-गोकाक-यरगट्टी या वाटेनं सौंदत्तीला जाणाऱ्याला तो टोलनाका लागतच नाही. बातमीतलं गाव आपल्या वाटेवर आहे का, हे बघायला पाच मिनिटं लागतात, आणि बहुतेक लोक तेवढीही काढत नाहीत.

१७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि १ जूनचा हिंडलग्याच्या स्मारकावरचा कार्यक्रम या तारखाही कॅलेंडरात दिसतील. पहिला १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांचा, दुसरा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या. दोन्ही अभिवादनाचे कार्यक्रम. त्यासाठी प्रवास पुढं ढकलायची गरज मला कधी पडली नाही. गळीत हंगामाच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऊसदरासाठी रास्ता रोको होतात ते मात्र धरून चाला. चिकोडी, रायबाग, गोकाक भागात ते सीमाप्रश्नापेक्षा जास्त वेळा आडवे येतात.

तारीख नसलेला भडकाही असतोच. २०२१ च्या डिसेंबरात बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली, पाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची, आणि रातोरात गाड्या फुटल्या. पुतळा हा शब्द बातमीत आला की मी दोन दिवस घरात बसते. कोर्टाच्या तारखेचं तसं नाही. महाराष्ट्राचा २००४ चा दावा सुप्रीम कोर्टात अजून पडून आहे. सुनावणी जवळ आली की दोन्हीकडचे पुढारी बोलतात. नुसत्या बोलण्यानं मी भरलेली बॅग रिकामी करत नाही, बोलण्यामागून कुणी बंद पुकारला तर करते.

दुसरं: एसटी काय करतेय

माझ्या अनुभवात सगळ्यात खरं बोलणारा साक्षीदार एसटी. टीव्हीवाल्याला बातमी लांबवायची असते, पुढाऱ्याला भाषण. डेपोत बसलेल्या माणसाला आपली गाडी आणि आपला ड्रायव्हर संध्याकाळी धड परत हवा असतो. २१ फेब्रुवारी २०२५ ला बेळगाव तालुक्यात भाषेवरून कर्नाटकच्या बस कंडक्टरला मारहाण झाली, त्याच रात्री चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं, आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रानं कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या. अशा वेळी वाद घालत बसू नका. स्टँडवर चौकशी खिडकीला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: बेळगाव गाडी सुटली का, कुठपर्यंत जातेय, आणि कालची परत आली का. हा तिसरा प्रश्न लोक विसरतात. सोडलेली गाडी आणि परत आलेली गाडी यांत फरक आहे.

माझा आडाखा असा. दोन्हीकडच्या गाड्या चालू, तर निघा. एका बाजूच्या बंद, दुसऱ्या बाजूच्या चालू, तर काम अडलेलं असेल तरच निघा, आणि चालू असलेल्या बाजूच्या गाडीनं जा. दोन्ही बंद, तर रेल्वे किंवा घर.

रेल्वेचं सुख हे की ती कोणत्याच राज्याची नसते. मिरजेहून घटप्रभामार्गे बेळगावला तीनेक तास लागतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे, गोवा एक्स्प्रेस आहे, आता पुण्याहून हुबळीला जाणारी वंदे भारतही बेळगावला थांबते. कोल्हापूरवाल्यांना मिरजेचा हेलपाटा पडतो हे खरं, पण बसगाड्यांचा प्रश्न पेटला की मी सरळ मिरज धरते. रेल रोकोची घोषणा नाही ना, एवढं पाहिलं की झालं. आणि तिकीट काढताना 'बेळगावी' शोधा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव तेच आहे.

तिसरं: बातमी नीट वाचा

मथळा येतो, "बेळगावात प्रवेशबंदी". माझ्या सासूबाईंनी तो वाचून एकदा माझी भरलेली बॅग उघडून ठेवली होती. आत वाचलं तर बंदी महाराष्ट्रातल्या काही पुढाऱ्यांना होती, त्यांची नावं घालून, ठराविक दिवसांपुरती. मला कोण अडवतंय? जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा पोलीस आयुक्तांचा जमावबंदीचा आदेश असेल तर त्यात भाग आणि वेळ दिलेली असते. पूर्वी १४४ कलम म्हणायचे, आता नव्या कायद्यात ते १६३ आहे. चार-पाचजण एकत्र रस्त्यात उभं राहून गप्पा मारू नका, एवढाच त्याचा आपल्याला अर्थ. स्टँडवरून घरी जाण्यावर त्यानं बंदी येत नाही.

बंदचंही तसंच. कंडक्टरच्या मारहाणीच्या निषेधात २२ मार्च २०२५ ला कन्नड संघटनांनी कर्नाटक बंद पुकारला होता. वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ६. बंदला वेळ असते म्हणजे त्याच्या आधीची पहाट आणि नंतरची रात्र मोकळी असते. संध्याकाळी सहापर्यंतचा बंद असेल तर मी आठच्या पुढची गाडी धरते, साडेसहाची नाही.

मग व्हिडिओ. व्हॉट्सॲपवर काच फुटलेल्या बसचा व्हिडिओ येतो, खाली "आत्ताचा, बेळगाव". थांबा आणि बघा. लोकांच्या अंगात स्वेटर आहे की छत्री आहे? दुकानाची पाटी कुठल्या गावची? बसच्या कपाळावर काय लिहिलंय? फेब्रुवारीत मला एक व्हिडिओ सात जणांनी पाठवला. त्यात रस्ता चिंब भिजलेला, माणसं रेनकोटात. फेब्रुवारीत आमच्याकडं पाऊस? पण सातातल्या एकानंही रस्त्याकडं बघितलं नव्हतं, सगळे फुटक्या काचेकडं बघत होते. स्थानिक मराठी दैनिकाचं बेळगावचं पान वाचा. कुठल्या चौकात, किती वाजता, नंतर काय झालं हे त्यात असतं. मुंबईच्या स्टुडिओतून बेळगाव सगळं एकच दिसतं.

चौथं: फोन कुणाला आणि काय विचारायचं

माझी शहापूरची मावशी. तिला कधीही विचारा, "मावशी, येऊ का?" ती म्हणणार, "ये की! काय होत नाही इथं." २०२१ च्या त्या रात्रीनंतर सकाळीसुद्धा ती हेच म्हणाली होती, आणि तिच्या गल्लीपुरतं ते खरंही होतं. पण मला तिच्या गल्लीत पोचायचं होतं, आणि मधल्या चार चौकांचं तिला काही माहीत नव्हतं. बेळगावच्या माणसाला या सगळ्याची इतकी सवय झालीय की त्याला विचारून भीती कळत नाही. पुण्यातल्या चुलत्याला विचारावं तर तो, जो बेळगावला वीस वर्षांत गेलेला नाही, "अजिबात जाऊ नका" म्हणून मोकळा.

म्हणून मत विचारू नका, डोळ्यांनी दिसणारी गोष्ट विचारा. आज शाळेची रिक्षा आली का? बाजारपेठेतली गणपत गल्ली उघडली का, की शटर अर्धं आहे? भाजीवाली बसलीय का? सिटीबस चालू आहे का? मावशीला असं विचारल्यावर ती लगेच सांगते, "शाळेला आज सुट्टी दिलाय की, आणि मार्केटातनं तुझे काका मोकळीच पिशवी घेऊन आले." झालं, उत्तर मिळालं. शाळांना जिल्हा प्रशासनानं सुट्टी दिली असेल तर निघू नका. अर्धं शटर म्हणजे व्यापाऱ्याला काहीतरी कळलंय आणि गिऱ्हाईकही सोडवत नाहीय. दोन तास थांबून परत फोन करा.

हॉस्पिटलला जाणाऱ्यांनी डॉक्टरांच्या ओपीडीला आदल्या संध्याकाळी फोन करून तारीख पुढची मिळते का ते आधीच विचारून ठेवावं. नियमित तपासणी आठवड्यानं झाली तरी चालते. डायलिसिस, केमो असं न टाळता येणारं असेल तर कागद हाताशी ठेवा. बंद पुकारणारेसुद्धा दवाखान्याची गाडी सोडतात असाच माझा अनुभव आहे, पण फाइल डिकीत ठेवून उपयोग नाही, खिडकीतून दाखवता आली पाहिजे.

पाचवं: रस्ता आणि गाडी

इथल्या रागाचा निशाणा बहुतेक वेळा गाडी असते. नंबर प्लेट, बसवरचं नाव, काचेवरचा स्टिकर. मार खातात ते ड्रायव्हर-कंडक्टर, आणि त्यांचा हद्दीच्या भांडणाशी काही संबंध नसतो. हे मला फार लागतं, पण ते असो.

एमएच ०९ ची स्वतःची गाडी असेल आणि वातावरण गरम असेल तर ती निपाणीत ओळखीच्याच्या दारात लावा आणि पुढं कर्नाटकच्या बसनं किंवा केए २३, केए २२ च्या गाडीनं जा. न्यायचीच असेल तर काचेवरचं, मागचं राजकीय किंवा अस्मितेचं काही असेल ते झाका किंवा काढा. आमच्याकडं यावरून घरात भांडण झालंय. दीर म्हणाले, "महाराजांचा फोटो काढायचा? आपल्याच माणसांत जायला?" मी म्हटलं, महाराज मनात असू द्यात, काच साडेसहा हजाराची आहे. फोटो डॅशबोर्डच्या खणात गेला आणि परत आल्यावर जागेवर लागला.

मुख्य रस्ता कागल, कोगनोळी, निपाणी, संकेश्वर, हत्तरगी, काकती असा. अडवाअडवी होते ती मुख्यतः कोगनोळीच्या नाक्यावर, कारण पुढारी तिथून येतात. दुसरी वाट गडहिंग्लज-नेसरी-पाटणे फाटा-शिनोळीची. ती वेंगुर्ला रोडनं हिंडलग्यावरून शहरात उतरते. रस्ता अरुंद, पण गर्दी कमी. शिनोळी महाराष्ट्राच्या हद्दीतलं शेवटचं गाव, त्यामुळे महामेळाव्याला परवानगी नाकारली की तिथंही रास्ता रोको होतो. त्या एका दिवशी ही वाट धरू नका. टाकी कागलला भरून घ्या, आणि अंधार पडायच्या आत शहरात शिरा.

वाटेत आणि पोचल्यावर

दोन वाक्यं कन्नडमधून पाठ करा. "मुंद गद्दल ऐतेन्री?" म्हणजे पुढं गडबड आहे का. "कन्नड बरूदिल्री" म्हणजे मला कन्नड येत नाही. शेवटचा 'री' गिळू नका, त्यातच 'अहो' आहे. इकडं घराघरांत दोन्ही भाषा नांदतात, भाजीवाली एका वाक्यात दोन्ही बोलते. पण बसमध्ये, नाक्यावर, तापलेल्या दिवशी भाषेवरून कुणी काही बोललंच तर उत्तर देऊ नका. तिकीट घ्या, खिडकीबाहेर बघा. जमाव दिसला तर मोबाईल वर करून शूटिंग करू नका; दोन्ही बाजूंना तुम्ही दुसऱ्या बाजूचे वाटता.

आणि अडकलातच तर काय? फेब्रुवारी २०२५ ला मी अडकले. कोल्हापूरहून निघाले तेव्हा गाडी बेळगावची होती, कागलला कंडक्टर उतरून फोनवर बोलला, परत चढला आणि म्हणाला, "पुढं जाणार न्हाई. उरलेले पैसे घेऊन जावा." अर्धी बस भांडायला लागली. तेवढ्यात एक म्हातारी, डोक्यावर बोचकं, खाली उतरून वडापवाल्याशी, म्हणजे शेअर जीपवाल्याशी, निपाणीचा भाव करत होती. मी तिच्या मागून गेले. वडापनं निपाणी, निपाणीच्या स्टँडवर चहा, आणि तिथून तिकडची बस. ती बेळगावला रोजच्यासारखी चालली होती, कारण तिला हद्द ओलांडायचीच नव्हती. दोन तास उशिरानं घरी पोचले.

तेव्हा अडकलात तर क्रम असा ठेवा. गर्दीच्या जागेपासून लांब, स्टँडच्या आत किंवा पेट्रोल पंपावर थांबा. अंगावर बेतलं तर ११२, हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो. नाहीतर ज्या बाजूला आहात त्याच बाजूच्या गाडीनं हद्दीपर्यंत जा, मधला टप्पा वडापनं करा, पुढं पलीकडची गाडी धरा. सुटे पैसे जवळ ठेवा, वडापवाला त्या दिवशी दुप्पट भाडं मागतो आणि पाचशेची नोट मोडून देत नाही. त्या म्हातारीनं मात्र त्याला रोजच्या भावात पटवलं होतं. मी दुप्पट दिले.